आजचं उत्तर मिळालं आहे

माझ्या घरी मला ‘उलटतपासणी’ म्हणतात. नवऱ्याने ठेवलेलं नाव. त्याने विचारावं, आज जेवायला काय आहे, आणि मी विचारावं, तुला काय अपेक्षा होती? मी हे मुद्दाम करत नाही, धंद्याची सवय आहे. लोक एखादी वस्तू किंवा एखादं ॲप कसं वापरतात, कुठे अडतात, ते बघण्याचं माझं काम. समोरचा अडला तरी मदत करायची नाही. त्याने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, प्रश्न अलगद त्याच्याच पदरात टाकायचा. हे बटण काय करतं हो? तुम्हाला काय वाटतं, काय करत असेल? पंधरा वर्षं हेच केलं आणि त्यात माझा हात धरणारं आमच्या कंपनीत कोणी नव्हतं. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठी आम्ही एक वस्तू करत होतो. तळहाताएवढा पडदा, मागे टेकू, एक वायर. ऑफिसात सगळे तिला पाटी म्हणायचे. रोज सकाळी आठला ती दोनदा हलकेच वाजायची आणि तिच्यावर दोन बटणं उमटायची. हिरवं, ‘ठीक आहे’. नारिंगी, ‘मदत हवी’. हिरवं दाबलं की आमच्याकडे बरोबरची खूण. नारिंगी दाबलं की घरच्या माणसाच्या फोनवर घंटा, शिवाय आमच्याकडे. आणि दहा वाजेपर्यंत काहीच दाबलं नाही, तर घरच्या माणसाला निरोप जायचा : आज उत्तर मिळालेलं नाही. कृपया चौकशी करा. ही वाक्यं माझीच. त्यातल्या ‘कृपया’वरून साहेबांशी एक अख्खी दुपार वाद घातला होता.

पहिली चाचणी आरशाच्या खोलीत झाली. म्हणजे एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने काच, काचेमागे आम्ही वह्या घेऊन. आठ जणांना बोलावलं. सगळ्यांना बटणं कळली, पण तिघांनी हिरवं दाबल्यावर नारिंगीही दाबून टाकलं. एकाचा हात थरथरत होता. एका बाईंना रंग आवडला. तिसरे गृहस्थ म्हणाले, बघू तरी काय होतंय. तिन्ही वेळा कोणाच्या तरी घरच्यांची पाचावर धारण बसली असती. मी अहवालात लिहिलं की दिवसाचं पहिलं उत्तर तेच खरं धरावं. त्यानंतर काहीही दाबलं तरी पडद्यावर एवढंच यावं : आजचं उत्तर मिळालं आहे. धन्यवाद. पुढच्या चाचणीत एकही खोटी घंटा गेली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून, पण मनापासून ऐकून घेतलं.

पुढचा टप्पा खऱ्या घरांतला. तीस घरं, सहा आठवडे. तो कसा करायचा हे ठरवायला साहेबांनी मला बोलावलं. एक रस्ता असा की दर आठवड्याला प्रत्येक घरी जायचं, स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचं आणि माणूस सकाळी काय काय करतो ते नुसतं बघायचं. दुसरा रस्ता सोपा. पाटीवर काय दाबलं जातं त्याची नोंद आपोआप होतेच, ती रोज वाचायची आणि शेवटी एकदा भेटून यायचं. आता वाटतं की सांगावं, साहेबांनी घाई केली, वेळ दिला नाही. पण तसं नाही. त्यांनी दोन्ही रस्ते माझ्यापुढे ठेवले आणि निवड मी केली. मी छातीठोकपणे म्हणाले, ‘माणसाला विचारलं की तो आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. बटण खोटं बोलत नाही.’ हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं, की ते सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर गेलं.

पाट्या वाटायला आम्ही एक सभागृह घेतलं होतं. माणसांना नंबर दिले, कारण आमच्यात नावं लिहीत नाहीत. सात नंबरच्या मावशी बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, वय चौऱ्याहत्तर. बरोबर लेक होती, शाळेत शिक्षिका. लेकीनेच पाटी सुरू करून दिली आणि स्वतःच्या फोनवरही जोडून घेतली. तशी सोय आम्ही दिली होती. मावशी मात्र पाटीकडे बघायलाच तयार नाहीत, माझ्याकडे बघत होत्या.

‘हे नारिंगी दाबलं की कोण येतं?’ त्यांनी विचारलं.

सरळ उत्तर होतं. तुमच्या लेकीच्या फोनवर घंटा वाजेल, ती येईल किंवा कोणाला तरी पाठवेल. दहा शब्दांचं काम. पण माझं तोंड सवयीने आपोआप उघडलं. ‘तुम्हाला काय वाटतं मावशी, कोण येईल?’

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘तूच येशील की,’ त्या म्हणाल्या. ‘तूच तर देतेयस.’

मला हसू आलं. कागदावर सात नंबरच्या पुढे मी ‘समज स्पष्ट’ असं लिहिलं आणि आठ नंबरला बोलावलं.

सहा आठवड्यांत सात नंबर माझी लाडकी झाली. बाकीच्यांचा काही भरवसा नव्हता. कोणी पहाटे सहाला उठून पाटी वाजायची वाट बघत बसायचं, कोणी नऊ अठ्ठावन्नला घाईघाईने दाबायचं, बारा नंबरचे आजोबा तर दोनदा पाटी उशीखाली घालून झोपले. सात नंबर पहिले दोन दिवस चुकली आणि तिसऱ्या दिवसापासून तिचं घड्याळ लागलं. आठ वाजून पाच मिनिटं. ठीक आहे. मधे एक शुक्रवार चुकला, तो सोडला तर रोज. फक्त रविवारी नऊच्या सुमारास. रविवारी माणसाने जरा लोळावं, असं म्हणून मी त्याचंही कौतुक केलं. तिच्या हिरव्या खुणांची ओळ मी सादरीकरणात घातली आणि वर लिहिलं, ‘सवय लागली की अशी लागते.’

शेवटच्या भेटीचं विचारणंही पाटीवरूनच केलं. बुधवारी अकरा वाजता घरी भेटायला येऊ का? सात नंबरचं उत्तर मंगळवारी आठ पाचला आलं. ठीक आहे.

बुधवारी मी तिसरा मजला चढून गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. हातात भेट म्हणून आणलेला थर्मास. समोरच्या घरात शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं आणि शिवणकाम करणारी शेजारीण दोऱ्याचं टोक दातात धरून बाहेर आली. कोण हवंय? मी म्हटलं, मावशी कुठे गेल्यात? अकराची वेळ ठरली होती. तिने दोरा तोंडातून काढला आणि मला जरा बाजूला घेतलं. काकू गेल्या, ती म्हणाली. उद्या पाच आठवडे होतील.

मी म्हटलं, काहीतरी गोंधळ आहे, सकाळीच तर त्यांचं उत्तर आलं. आणि फोन काढून तिला दाखवायला गेले. बुधवार, आठ वाजून पाच मिनिटं. ठीक आहे. दोघींनी ते वाचलं. शेजारीण एक पाऊल मागे सरकली. थर्मास माझ्या हातातून सुटता सुटता राहिला.

किल्ली तिच्याकडे होती. पाटी परत न्यायची आहे असं मी सांगितलं, कारण दुसरं काय सांगणार. एकच खोली, मागे स्वयंपाकघर. गादी गुंडाळून ठेवलेली, घड्याळ चालू, खिडकीतल्या कुंड्यांना कोणीतरी पाणी घातलेलं. आणि ओट्याशेजारच्या फळीवर आमची पाटी, वायर लावलेली, पडदा उजळलेला. त्या बंद खोलीत ती कोणाला तरी सांगत होती : आजचं उत्तर मिळालं आहे. धन्यवाद.

शेजारीण दारातूनच बोलत होती, आत आली नाही. तिनेच काकूंना पाहिलं होतं. त्या गुरुवारी ती सकाळपासून कापड आणायला गेली होती, बाराला परत आली तर समोरचं दार सताड उघडं. काकू कधी दार उघडं टाकायच्या नाहीत. दिवसासुद्धा कडी, साखळी आणि वर ‘कोण आहे’ म्हणून तीनदा विचारणं. आणि त्या दिवशी दार उघडं, दारासमोर खुर्ची ओढलेली, काकू खुर्चीत. बाहेर जायचे कपडे, पायात चपला, मांडीवर पिशवी, पिशवीत औषधांची फाइल. तिला आधी वाटलं डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, साडेदहाच्या आसपास गेल्या असतील.

‘कुठे निघाल्या होत्या कोण जाणे,’ शेजारीण म्हणाली. ‘लेक सगळ्यांना विचारत फिरते, दार उघडं का होतं म्हणून. दूधवाल्यालासुद्धा विचारून झालं. तुमच्या या पाटीला काही माहीत नसेल का?’

तुम्हाला काय वाटतं, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले. वायर काढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण आज सकाळी आठ पाचला ज्या कोणी उत्तर दिलं होतं ते उद्याही देणार होतं, आणि ते या खोलीत नव्हतं, की होतं, हे मला कळत नव्हतं. जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला होता. एवढी भ्यायले होते मी, भरदिवसा, बारा वाजायच्या आत.

ऑफिसात नोंदी सांभाळणारा एक मुलखाचा शांत माणूस आहे, आम्ही त्याला आकडेवाला म्हणतो. त्याला म्हटलं, सात नंबरची कच्ची नोंद काढ. गाळलेली नको, होती तशी. त्याने काढली. मी रोज बघत होते त्या तक्त्यात तीन रकाने होते : दिवस, वेळ, उत्तर. कच्च्या नोंदीत चौथा रकाना होता, उत्तर कुठून आलं त्याचा. तो मीच नको म्हटला होता, तक्ता मावत नव्हता म्हणून. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक आठ पाच लेकीच्या फोनवरून आलं होतं.

म्हणजे भूत वगैरे काही नव्हतं. मला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला कसला आलाय रविवार? शाळेला असतो रविवार. हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडायला हवा होता. एकदा त्या ओट्याशेजारी स्टूल टाकून बसले असते, तर आठ पाचला मावशी कुंड्यांना पाणी घालताना आणि पाटीवर आपोआप हिरवी खूण उमटताना डोळ्यांनी दिसली असती.

मग आम्ही तो गुरुवार काढला. आठ पाच, लेकीचा फोन, ठीक आहे. आणि त्याच्याखाली फिकट अक्षरांत, गाळलेल्या ओळी. नऊ वीस, पाटी, मदत हवी. नऊ वीस, पाटी, मदत हवी. नऊ एकवीस. नऊ तेवीस. मी बोट ठेवून मोजलं. अकरा ओळी. शेवटची नऊ सत्तेचाळीसला.

आकडेवाला हळूच म्हणाला, ‘मी तुला विचारलं होतं. सात नंबरच्या अकरा जादा दाबण्या आहेत, काय करू म्हणून. तू म्हणालीस, गाळून टाक.’

मला ते आठवत नव्हतं. तो खोटं बोलणारा माणूस नाही. जेवणाचा डबा उघडता उघडता म्हटलं असेन, मान वर न करता. मी तसं म्हणाले, हेही एक वेळ सोसलं असतं. मला आठवतसुद्धा नव्हतं.

दार का उघडं होतं ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. छातीत दुखायला लागलं, किंवा श्वास पुरेना, आणि मावशींनी नारिंगी दाबलं. पडद्याने सांगितलं, मिळालं, धन्यवाद. पुन्हा दाबलं, पुन्हा धन्यवाद. मिळालं म्हणजे कोणीतरी निघालं असणार. मग त्यांनी कपडे बदलले, चपला घातल्या, औषधांची फाइल घेतली. येणाऱ्याला दार वाजवत ताटकळायला नको म्हणून साखळी काढली, कडी काढली, खुर्ची दारापुढे ओढली. मधेच एकदोनदा उठून फळीपाशी गेल्या आणि पुन्हा दाबून आल्या. माणूस नाही का, उशीर झाला की पुन्हा एकदा फोन करून बघतो. आणि दर वेळी आमच्या पाटीने नम्रपणे त्यांचे आभार मानले.

सभागृहातल्या त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे होतं. आरशाच्या खोलीत एकटी बसून मी ते लावलं. कोण येतं? तुम्हाला काय वाटतं मावशी, कोण येईल? तूच येशील की. समोर आरसा होता, त्यात मी हसत नव्हते, पण कानात माझं हसू येत होतं. पुढे कित्येक दिवस रस्त्याने चालताना, भाजी घेताना, मागून कोणीतरी तेच शांतपणे म्हणायचं. तूच येशील की. मी वळून बघायची आणि कोणी नसायचं.

साहेबांना सगळं दाखवलं. ते निर्दय माणूस नाहीत, त्यांचा चेहरा खरंच उतरला. पण दोन आठवड्यांनी पाटी बाजारात जायची होती. एकोणतीस घरी नीट चाललंय, ते म्हणाले. नियम आपण आजच बदलू, ती फार तर तासाभराची गोष्ट. अहवालात सात नंबर ‘मधेच सोडून गेली’ असं लिही. आणि मग मला फितवायला नव्हे, अगदी मनापासून म्हणाले, ‘त्या लेकीला कशाला सांगतेस? तिने स्वतःच्या हाताने हिरवं दाबलंय. तिला हे कळलं तर ती जगेल का?’

एकोणतीस घरांतला नियम आकडेवाल्याने त्याच दुपारी कोणाला न विचारता काढून टाकला, तो भाग मिटला. लेकीचं काय करायचं ते राहिलं. सांगितलं तर तिच्या डोक्यावर आयुष्यभराचा दगड. न सांगितलं तर ती आयुष्यभर दारोदार विचारत फिरणार, दार उघडं का होतं. आणि उत्तर जगात तिघांकडेच होतं, साहेब, आकडेवाला आणि मी.

शनिवारी शाळा लवकर सुटते. शेजारणीने सांगितलं होतं की लेक तेव्हा सामान आवरायला येते. मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. लेक जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने मला ओळखलं आणि मी काही बोलायच्या आधी म्हणाली, ‘कळलं ना तुम्हाला.’

तिनेच सगळं सांगितलं, हातातलं काम न थांबवता. पहिल्या दिवशी आई दाबायला विसरली. दहाला निरोप आला, लेक वर्ग तसाच टाकून धावत आली, तर आई कुंड्यांपाशी. अगं, विसरले. दुसऱ्या दिवशी तेच, आणि मुख्याध्यापिकेने तोंडावर काही म्हटलं नाही, पण घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या दिवसापासून तिने स्वतःच दाबायला सुरुवात केली. आठ पाचला मुलांची हजेरी संपायची, त्यानंतर लगेच आईची. मग फोन कपाटात, मधल्या सुट्टीपर्यंत. आई ठीकच असायची, तिच्यात बघण्यासारखं काय होतं?

आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती दाबायचं विसरली. घरात माणसं जमलेली आणि दहाला फोन वाजला. आईकडून आज उत्तर मिळालेलं नाही. कृपया चौकशी करा.

‘कुठे करू चौकशी?’ लेक म्हणाली. ‘तेव्हापासून रोज दाबते. तो निरोप पुन्हा नको मला. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नाही.’

मी जमिनीवर तिच्यासमोर बसले. तिने शेवटचं भांडं गुंडाळलं, हात पुसले आणि विचारलं, ‘एक सांगाल? तुमच्याकडे सगळं नोंदलेलं असतं म्हणतात. तिने दार का उघडलं असेल?’

‘तुम्हाला काय वाटतं?’ मी म्हणाले.

म्हणजे तोंडातून गेलंच. आणि ती सांगायला लागली, कारण हा प्रश्न माणसाला बोलतं करतो, त्यासाठीच तो आहे. कदाचित शाळेत माझ्याकडे यायला निघाली असेल. कदाचित माझ्यावर रागावून कुठे तरी. महिनाभर मी धड बसून बोलले नव्हते तिच्याशी. कदाचित दवाखान्यात, मला न सांगता. ती एकेक सांगून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला यातल्या कुठल्याही एकावर फक्त मान हलवायची होती. दवाखान्यावर हलवली असती, तर ती रडली असती आणि मग हळूहळू शांत झाली असती.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘त्या मदतीची वाट बघत होत्या. त्यांनी नारिंगी दाबलं होतं. अकरा वेळा.’

मी थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. दिवसाचं एकच उत्तर धरायचा नियम माझा होता. धन्यवाद हा शब्द माझा होता. त्या अकरा ओळी आमच्यापर्यंत पोचल्या होत्या आणि त्या मी गाळायला लावल्या. घरी येऊन बघायचं काम मी टाळलं, कारण मला वाटलं बटण खोटं बोलत नाही.

‘पहिलं किती वाजता?’

‘नऊ वीस.’

‘मी भागाकार शिकवत होते,’ ती म्हणाली. मग, ‘मी हजेरी लावली नसती तर?’

इथे खोटं बोलायची माझी फार इच्छा झाली. ‘तर पहिल्यांदा दाबल्यावरच घंटा गेली असती,’ मी म्हणाले. ‘तुमच्याकडे आणि आमच्याकडे. तुमचा फोन कपाटात होता. माझा माझ्या हातात असतो.’

ती उठून त्या खुर्चीत बसली. खुर्ची भिंतीला टेकवलेली होती. मी तिला सभागृहातलंही सांगितलं. मावशींनी काय विचारलं, मी काय विचारलं आणि त्या काय म्हणाल्या.

‘म्हणजे ती माझी वाट बघत नव्हती,’ लेक म्हणाली. ‘तुमची बघत होती.’

‘हो.’

‘आलात की मग. पाच आठवड्यांनी.’ तिने आवाज चढवला नाही. पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. ‘यातून मला काढा. आणि माझ्या जागी तुमचा नंबर घाला. तो निरोप आता तुम्हाला येऊ दे.’

मी घातला. पाटीची वायर काढू का, असं विचारलं. ती नको म्हणाली.

त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला. पहिल्या पानावरचं बटणाचं वाक्य काढलं आणि तिथे त्या अकरा ओळी घातल्या, वेळांसकट. अहवाल कंपनीत सगळ्यांना एकदमच पाठवला, म्हणजे कोणाला तो मधेच अडवता येऊ नये. पाटी बाजारात आली नाही आणि मी त्या कंपनीत राहिले नाही, पण ते सगळं पुढचं.

दुसरा दिवस रविवार होता. आठ वाजले, आठ पाच झाले, नऊ वाजले. सात नंबरपुढची जागा रिकामी होती. मी फोन समोर ठेवून बसले होते. नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो निवला. आपण कशाची वाट बघतोय ते माहीत असूनही दहाला तो वाजला तेव्हा मी दचकले. आईकडून आज उत्तर मिळालेलं नाही. कृपया चौकशी करा.

‘आई’ हा शब्द लेकीने त्या दिवशी सभागृहात भरला होता. तो तसाच राहिला होता.

मी चपला घातल्या. कोणाला काही सांगितलं नाही, नुसती निघाले. दोन चौक चालत, मग रिक्षा, मग तीन मजले. दिसणार काय होतं तिथे? एक बंद दार आणि त्याच्याआड उजळलेला पडदा. तरी पाय थांबत नव्हते, आणि शेवटचा जिना तर मी धावत चढले.

दार सताड उघडं होतं. दारासमोर खुर्ची ओढलेली आणि खुर्चीत लेक बसलेली, पायात चपला, हात मांडीवर. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

‘दहा बत्तीस,’ ती म्हणाली. ‘म्हणजे तुम्हाला यायला बत्तीस मिनिटं लागतात.’

नऊ वीस अधिक बत्तीस. नऊ बावन्न. शेवटचं नारिंगी नऊ सत्तेचाळीसला दाबलं होतं आणि त्यानंतर मावशी अर्ध्या तासाहून जास्त वेळ या खुर्चीत जिवंत बसल्या होत्या. सहा आठवड्यांत आम्ही किती काय मोजलं होतं, हे एवढं मोजायचं कोणाला सुचलं नव्हतं. ते लेकीने एका सकाळीत, एका खुर्चीवर बसून मोजलं.

‘आई म्हणाली ते बरोबरच होतं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आला असतात.’

मी आत गेले आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. दार तसंच उघडं ठेवलं.